प्रवासात टिकणारे कापड

लष्कर आणि छावणी ही दोन्ही नावे मुळात प्रवासातली आहेत. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस सन १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांचा तळ पडला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. शिंदे की छावनी हा त्याच लष्करचा एक भाग. आडनाव मराठी, प्रत्यय हिंदी, आणि अर्थ असा की येथे माणसे सामान बांधून आली होती. तंबूंची घरे झाली, घरांच्या गल्ल्या झाल्या. आता मात्र अनेक मराठी घरांतील मुले पुण्यास, बंगळूरास किंवा परदेशात स्थायिक झाली आहेत आणि त्यांचे आईवडील वर्षातून एकदोनदा पुन्हा सामान बांधू लागले आहेत. पंजाब मेलने यावे किंवा झेलम एक्सप्रेसने, महाराष्ट्रातून ग्वाल्हेरपर्यंत एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा मोठा भाग गाडीतच जातो. अशा प्रवासासाठी अंगावर आणि पिशवीत कोणते कपडे असावेत, ते घरी कसे शिवावेत, आणि मुख्य म्हणजे त्यासाठी टिकाऊ कापड कसे शोधावे, याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे.

विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पण तो तसा नाही. ज्या बाईला आपली पिशवी स्वतः उचलता येते, ती कुणाच्या सोबतीची वाट न पाहता लेकीकडे जाऊ शकते. पिशवी जड झाली की हमाल पाहावा लागतो, शेजाऱ्याच्या मुलाला स्टेशनवर न्यावे लागते, आणि पुष्कळदा ‘राहू दे, पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणून बेतच रहित होतो. वय वाढते तसा हा प्रश्न अधिक खरा होतो. आपला प्रवास आपल्या हाती राहावा, हा या कपड्यांमागचा हेतू आहे.

अशा कपड्याकडून आपल्या अपेक्षा थोड्याच असतात. तो हलका असावा, चुरगळू नये, बसता-उठता अंगाला काचू नये, रात्री पिळून टाकला तर सकाळपर्यंत वाळावा, आणि दोनतीन वर्षे तरी रूप टिकवून धरावा. या अपेक्षा बऱ्याच अंशी पूर्ण करणारे कापड म्हणजे आपण ज्याला होजिअरी म्हणतो ते.

मराठीत आपण ‘विणणे’ हे एकच क्रियापद दोन निरनिराळ्या कामांना वापरतो. कोष्टी मागावर कापड विणतो आणि आजी सुयांवर स्वेटर विणते. मागावर उभा ताणा असतो आणि त्यातून आडवा बाणा जातो; दोन्ही धागे सरळ, एकमेकांना दाबून बसलेले. सुयांवर मात्र एकच धागा फासामागून फास घेत पुढे जातो. हे फास ओढले की लांबतात आणि सोडले की मागे येतात. म्हणूनच होजिअरीचे कापड अंगाबरोबर वाकते आणि घडीत दाबले तरी बहुधा सुरकुती धरून बसत नाही. गंजीफ्रॉकातील ‘गंजी’ हा शब्द इंग्लिश खाडीतील गर्न्झी बेटाच्या नावावरून आला, आणि ‘जर्सी’ तर शेजारच्या बेटाचेच नाव आहे. हे विणकाम करणारे पहिले यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ साली तयार केले. तरीही फार काळ हे कापड मोजे आणि आतले कपडे यांतच अडकून राहिले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅरिसच्या कोको शनेल यांनी जर्सीचे बाहेर मिरवण्याजोगे पोशाख केले, आणि जे कापड लपवावयाचे ते दाखवावयाचे झाले.

मग असे गुणी कापड लष्करच्या बाजारात सहजी का मिळत नाही? ग्वाल्हेर काही कापडाला परके गाव नव्हे. चंदेरी हे गाव जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलेच. बिर्लानगरची जियाजीराव कॉटन मिल १९२१ साली सुरू झाली. ती बंद होऊनही आता पुष्कळ वर्षे झाली आहेत. ‘ग्वाल्हेर रेयॉन’ ही कंपनी १९४७ साली या शहराच्या नावाने निघाली, तिने १९५४ पासून नागद्यास कृत्रिम तंतू काढावयास सुरुवात केली, आणि ‘ग्वालियर सूटिंग’ हे नाव तर देशभर घरोघरी पोहोचले. पण या सगळ्या कीर्तीकडे नीट पाहिले तर ती मुख्यतः ताण्या-बाण्याच्या कापडाची आहे. साडी, लठ्ठा, सूटचे कापड हे सारे मागावरचे. होजिअरीची केंद्रे निराळी: तमिळनाडूतील तिरुप्पूर सुती होजिअरीसाठी, पंजाबातील लुधियाना लोकरीच्या होजिअरीसाठी, आणि शिवाय कोलकाता.

याहून महत्त्वाचे कारण विक्रीच्या पद्धतीत आहे. मागाचे कापड दुकानदार मीटरवर मोजून देतो. होजिअरीचा घाऊक व्यापार मात्र किलोवर चालतो, आणि तो बहुतांशी कारखान्याशी होतो. विणकाम करणारा ते विणतो, रंगारी रंगवतो, आणि तेथूनच ते बनियन, टी-शर्ट शिवणाऱ्याकडे जाते. घरी शिवणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत जे येते ते पुष्कळदा उरलेले, रंगात फसलेले किंवा वजनात उणे असते. दुकानदार त्याला ‘होजिअरी’ म्हणतो, ‘लायक्रा’ म्हणतो, ‘इम्पोर्टेड’ म्हणतो. या नावांवरून कापडाच्या आयुष्याविषयी काहीही कळत नाही. लायक्रा हे तर ताणल्या जाणाऱ्या एका तंतूचे व्यापारी नाव आहे. तो तंतू अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली शोधला. शंभर भागांत तो पाच भाग असला तरी पुरतो. बाकीचे पंच्याण्णव भाग कशाचे आहेत, हे विचारल्यावाचून कापड घेऊ नये.

तेव्हा नावावर विश्वास न ठेवता हातावर आणि डोळ्यांवर ठेवावा, हे माझे मुख्य सांगणे आहे. त्यासाठी काही साध्या परीक्षा आहेत.

पहिली परीक्षा विणीची. स्वेटर विणणाऱ्या बायकांना हे चटकन समजेल. कापडाची पुढची बाजू सगळी सुलट आणि मागची सगळी उलट टाक्यांची दिसली, तर ते एकेरी विणीचे, म्हणजे सिंगल जर्सी. त्याची कापलेली कड गुंडाळून वळते. त्याचा एक टाका तुटला तर शिडी उतरावी तशी उसवण खाली धावते. बनियनला ते ठीक. पण विजारीच्या गुडघ्यावर ते लवकरच फुगते. एक सुलट, एक उलट अशी वीण असेल तर ते रिब. ते फार ताणते, म्हणून गळ्याच्या आणि मनगटाच्या पट्टीला उत्तम. दोन्ही बाजूंनी सारखेच सुलट दिसणारे, सपाट आणि कड न वळणारे कापड म्हणजे इंटरलॉक. दोन रिबा एकमेकींत गुंतवून ते केलेले असते, म्हणून दाट आणि स्थिर असते. प्रवासाच्या कुर्त्याला आणि विजारीला हेच मागावे. मात्र दुकानात हा शब्द उच्चारताना सावध असावे. आपल्याकडे शिवणकामात ‘इंटरलॉक करणे’ म्हणजे कापडाच्या कडा यंत्राने बांधणे. तुम्ही कापड मागाल आणि दुकानदार कडा बांधून देण्याचे दर सांगेल!

दुसरी परीक्षा वजनाची. एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम, हे होजिअरीचे खरे माप आहे. व्यापारी त्याला जीएसएम म्हणतात. मोजणे अवघड नाही. नमुन्याचा दहा सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद असा चौकोन कापावा आणि बारीक काट्यावर तोलावा. लष्करच्या सराफ्यात असा काटा दुकानोदुकानी असतो. जितके ग्रॅम येतील त्याला शंभराने गुणावे. दीड ग्रॅम भरले तर कापड दीडशेचे, म्हणजे बनियनचे. दोन ते सव्वादोन ग्रॅम भरले तर ते कुर्त्या-विजारीस योग्य. तीन ग्रॅमच्या आसपासचे थंडीसाठी. किलोवर विकत घेताना हाच हिशेब उपयोगी पडतो. दोनशे वजनाचे कापड एका किलोत पाच चौरस मीटर बसते. पन्हा दीड मीटर असेल तर लांबी सुमारे सव्वातीन मीटर मिळते, आणि साधारण अंगाच्या बाईचा एक कुर्ता व एक विजार त्यात होते.

तिसरी परीक्षा माघारीची. कापड ताणते याचे कौतुक करण्यात अर्थ नाही. ताणून परत येते की नाही हे पाहावे. आडव्या दिशेने दहा सेंटिमीटरवर दोन खुणा करा, ते तेरापर्यंत ओढा, अर्धा मिनिट धरा आणि सोडा. खुणा पुन्हा दहाच्या जवळ आल्या तर कापड घ्यावे. अकरावर थांबल्या तर त्या कापडाच्या विजारीचे गुडघे संध्याकाळपर्यंत पोते होतील.

चौथी परीक्षा घर्षणाची. नमुना दुमडून कापडावर कापड तीसचाळीस वेळा घासावे. बारीक गोळे उठले तर समजावे की सुतातील तंतू आखूड आहेत. चांगले सूत विंचरून आखूड तंतू काढून टाकलेले असते. व्यापारी त्याला कोम्ब्ड म्हणतात. पिशवीचा पट्टा खांद्यावर आणि आसन मांडीखाली रोज घासते. तेथेच कापडाचा कस लागतो.

पाचवी परीक्षा तंतूची. कापडाच्या कडेचा एकच धागा काढून, चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून जाळावा. कागदाचा वास येऊन मऊ राख झाली तर सूत किंवा रेयॉन. आक्रसून कठीण मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. दोन्ही लक्षणे दिसली तर मिश्रण. याचा वाळण्याशी संबंध आहे. हवेतील ओल सूत आपल्या वजनाच्या शंभरात सुमारे आठ भाग धरते, रेयॉन अकरा ते तेरा, आणि पॉलिएस्टर अर्धा भागसुद्धा नाही. म्हणून पॉलिएस्टर लवकर वाळते. पण उन्हाळ्यात ते अंगाला चिकटते आणि घामाचा वास धरून ठेवते. रेयॉनची होजिअरी हाताला रेशमासारखी लागते आणि दुकानात तीच सर्वांत आधी मन मोहते. पण साधे रेयॉन ओले झाले की त्याचे बळ अर्ध्याच्या आसपास उतरते, आणि प्रवासात कपडा नळाखाली घाईने पिळला जातो. ज्यात सूत अर्धे किंवा त्याहून थोडे अधिक, पॉलिएस्टर त्याखालोखाल आणि ताणाचा तंतू पाच टक्क्यांपर्यंत, असे दोनशे ते सव्वादोनशे वजनाचे इंटरलॉक ग्वाल्हेरच्या हवेला आणि रेल्वेच्या प्रवासाला मला सर्वांत योग्य वाटते. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा निव्वळ कृत्रिम कापड घालून प्रवास करणे म्हणजे स्वतःला शिक्षा करून घेणे होय. थंडीच्या धुक्यात मात्र लोकरीच्या होजिअरीचा एक पातळ थर जाड शालीपेक्षा सोयीचा.

आता शोधावयाचे कोठे? महाराज बाड्याभोवतीच्या बाजारात मीटरवर विकणारी दुकाने आहेत. तेथे वरच्या परीक्षा करून घ्यावे. पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे शिवणाऱ्याकडे जाणे. शाळांचे टी-शर्ट, खेळाडूंचे पोशाख शिवून देणारे लोक बहुतेक प्रत्येक शहरात आहेत. ते कापड ताग्याने मागवतात, त्यांना वजन आणि मिश्रण ठाऊक असते, आणि ताग्याच्या शेवटी उरलेले दोनतीन मीटर त्यांना अडगळच वाटते. दिल्लीच्या वारीत गांधीनगरचा बाजार पाहावा. तयार कपड्यांच्या त्या मोठ्या पेठेत होजिअरी किलोवर मिळते. चारपाच जणींनी मिळून एकाच रंगाचे पाचसहा किलो आणले तर घाऊकवाला दारात उभे करतो. आणि काहीच न जमले तर पुरुषांचा सर्वांत मोठ्या मापाचा, जाड आणि चांगल्या विणीचा टी-शर्ट विकत घेऊन तो उसवावा. त्यात एका बिनबाह्यांच्या जाकिटाचे कापड निघते.

कापड घरी आले की कात्री लगेच उचलू नये. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात, विशेषतः लांबीत, शंभरात पाच ते दहा भाग आटू शकते. म्हणून अख्खे कापड आधी धुवावे, आडवे पसरून वाळवावे आणि मगच बेतावे. धुतल्यावर टाक्यांच्या उभ्या रेघा तिरक्या झालेल्या दिसल्या तर त्या कापडाच्या कुर्त्याची बाजूची शिवण पुढे पोटावर येईल, हे जाणून ते घरगुती वापरास ठेवावे. पुष्कळ कापड नळीसारखे गोल येते. त्याच्या दोन्ही कडांच्या घडीच्या रेघा बहुधा कधीच जात नाहीत. त्या छातीच्या मधोमध येऊ देऊ नयेत.

घरातील जुने काळे शिवणयंत्र या कामास चालत नाही, हा गैरसमज आहे. फक्त सुई बदलावी लागते. नेहमीची टोकदार सुई फास कापते आणि पहिल्या धुण्यानंतर शिवणीच्या कडेने भोके पडतात. होजिअरीसाठी गोल टोकाची सुई मिळते. ती फासांना बाजूला सारून जाते. पातळ कापडास अकरा नंबर, जाड कापडास चौदा. धागा पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण सुती धागा कापडाबरोबर ताणत नाही आणि तुटतो. यंत्राला तिरपा टाका असेल तर तो बारीक ठेवून वापरावा. नसेल तर कापड दोन्ही हातांनी किंचित ताणून सरळ टीप घालावी आणि तिच्याशेजारी दुसरी टीप मारावी. आधी तुकड्यावर शिवून ओढून पाहावे. धागा कटकन तुटला तर यंत्राचा ताण सैल करावा. खांद्याच्या शिवणीत मात्र न ताणणारी सुती पट्टी घालावी, नाहीतर पिशवीच्या भाराने खांदा दंडावर उतरतो.

या कपड्यांत एक गोष्ट तयार मालात क्वचितच असते आणि घरी शिवताना ती हवी तशी करता येते. ती म्हणजे चोरखिसा. कुर्त्याच्या आत, डाव्या बरगडीवर, तिकीट, ओळखपत्र आणि थोडे पैसे राहतील एवढा. तो होजिअरीचा न करता मागाच्या घट्ट सुती कापडाचा करावा, म्हणजे ताणून लोंबत नाही. तोंडाला साखळी लावावी. रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर निवांत झोप लागते ती बरीचशी या खिशाच्या जोरावर.

दोनशे वजनाच्या इंटरलॉकचे तीन कुर्ते आणि दोन विजारी, एकमेकांशी जुळणाऱ्या रंगांच्या, असा संच केला तर सारे मिळून सुमारे अडीच किलो भरते आणि आठपंधरा दिवस सहज निभतात. हे कपडे खुंटीला टांगू नयेत. आपल्याच भाराने ते लांबतात. गुंडाळून ठेवावेत. धुताना उकळते पाणी आणि ब्लीचिंग टाळावे. ताणाचा तंतू दोहोंनीही मरतो. पिळताना टॉवेलात गुंडाळून दाबावे, म्हणजे वाळण्याचा वेळ वाचतो.

साडी सोडा, असे माझे म्हणणे नाही. ज्यांना ती सोयीची वाटते त्यांनी ती जरूर नेसावी. पण ज्यांनी केवळ कपड्यांच्या ओझ्यापायी प्रवास पुढे ढकलला असेल त्यांनी एक किलो कापड, एक गोल टोकाची सुई आणि दोन दुपारी एवढे खर्चून पाहावे. तयार कपडा दुकानदाराच्या मापाचा असतो. वाकलेल्या पाठीला मागून दोन बोटे लांबी जास्त, सुजणाऱ्या पायाला घेर थोडा अधिक, दुखऱ्या खांद्याला बाही सैल, हे सारे घरच्या शिवणीतच साधते. कापड नीट पारखून घेतले असेल तर असा कपडा वर्षानुवर्षे साथ देतो, आणि मुलाबाळांकडे जाण्याचा दिवस आपला आपल्याला ठरवता येतो.